मागच्या चाकांचा भरवसा

कढईच्या वळणावर गाडीचं नाक पुन्हा बाहेर गेलं आणि केतकी सरनोबतनं दातांत धरलेलं पेनाचं टोपण कडकन फुटलं.

"दिसलं का तुला?" रेडिओवर आईचा आवाज आला. "मी आत वळवतेय आणि ही बया सरळच चाललीय. पुढचे टायर नुसते बोंबलतायत."

"दिसलं. ये परत."

कासारमाळ हे कोल्हापूरच्या पश्चिमेचं जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. थंडीत सकाळी तिथं असा वारा सुटतो, की चहा कपात पडेपर्यंत निवलेला असतो. या माळावर एका जुन्या खाणीच्या कडेनं शर्यतीचा ट्रॅक आखला होता. त्यातलं सगळ्यात कठीण वळण खाणीच्या पोटातून जायचं. आधी उतार, मग उजवं वळण, आणि तेही वळता वळता आवळत जाणारं. पहिल्या शर्यतीतच कुणीतरी त्याला कढई म्हटलं आणि तेच नाव पडलं.

गाडी चालवणारी शैलजा सरनोबत सत्तावन्न वर्षांची होती. कोल्हापुरात गाडी चालवणाऱ्या निम्म्याअधिक बायकांना क्लच, ब्रेक आणि धीर या तिन्ही गोष्टी तिनंच शिकवल्या होत्या. पुढं क्लच गेला, पेट्रोलच्या गाड्या लग्नाच्या वरातीपुरत्या भाड्यानं मिळू लागल्या, पण सरनोबत ड्रायव्हिंग स्कूलची पाटी राहिली. आठवडाभर शिकवायचं आणि रविवारी घाटातल्या नाहीतर ट्रॅकवरच्या शर्यतीत उतरायचं, हा तिचा तीस वर्षांचा शिरस्ता. तिची एकुलती एक लेक केतकी रबरावर संशोधन करून इंजिनिअर झाली होती आणि आज आईच्या गाडीखाली जे काही बसवलेलं होतं, ते केतकीच्या सहा वर्षांच्या मेहनतीचं फळ होतं.

समोरच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी म्हणजे ज्या घरात एकाच बाईनं स्वयंपाकही करायचा आणि त्याच वेळी पंगतीत वाढायचंही, तशी गत. पुढचेच टायर गाडी ओढणार आणि पुढचेच टायर तिला वळवणार. वळणात वेग जास्त झाला की त्यांच्याच्यानं दोन्ही होत नाही. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपलं नाक वर करून बाहेरच्या कठड्याकडे निघते. याच्यावर शर्यतवाल्यांचा जुना तोडगा आहे, आणि तो ऐकायला उलटा वाटतो. तो म्हणजे पुढची पकड वाढवत बसण्यापेक्षा मागची थोडी कमी करायची. मागच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो. तो जितका ताठ, तितकी गाडीची मागची बाजू वळणात कमी झुकते. आतलं मागचं चाक हलकं होतं, कधी चक्क हवेत उचललं जातं, मागचा भाग किंचित बाहेर सरकतो आणि नाक आपोआप आत येतं. गाडी तीन पायांवर नाचते म्हणा ना.

पण त्यात एक मेख आहे. मागचा भाग सरकायला लागला की माणूस घाबरतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलतो. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटर पुढच्या चाकांना ब्रेकच लावते. सगळा भार पुढं येतो, मागची चाकं पोरकी होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. अशा वेळी पाय उचलायचा नसतो, उलट दाबायचा असतो. पुढची चाकं ओढत राहिली की ती मागच्या चाकांना फरपटत सरळ आणतात. हे सांगायला सोपं आहे. करताना मात्र सगळं शरीर नको नको म्हणून ओरडत असतं.

केतकीनं लोखंडाची बारीक पूड मिसळून एक रबर तयार केलं होतं. त्यातून वीज सोडली की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत दगडासारखं ताठ होई आणि वीज काढली की पुन्हा मऊ. त्या पोलादी दांड्याच्या सांध्यांत तिनं या रबराचे बुश, म्हणजे गोल गाद्या, बसवले. आता मागची बाजू किती ताठ असावी, हे शर्यतीच्या आदल्या दिवशी पाना घेऊन ठरवायची गरज उरली नव्हती. प्रत्येक वळणावर ते वेगळं ठेवता येत होतं. मग प्रश्न आला, ठरवायचं कुणी? त्यासाठी केतकीनं स्टिअरिंगच्या वेष्टनात आणि पायाखालच्या पट्टीत बारीक संवेदक घातले. हाताची पकड, बोटांची थरथर, तळव्याचा दाब यांत माणसाच्या मनातली चलबिचल त्याला स्वतःला कळायच्या आधी उमटते. यंत्र ते वाचायचं आणि या चालकाला या क्षणी कितपत चपळ गाडी पेलवेल ते पाहून मागची बाजू तेवढीच ताठ करायचं.

निदान तसं अपेक्षित होतं. आईनं मात्र सकाळपासून एकही फेरी धड मारली नव्हती.

"बुश गेला असणार," गाडीखालून इम्तियाज मुल्लाणी म्हणाला. इम्तियाज त्यांचा मेकॅनिक, चाळिशीचा, कधीकाळी शैलजाबाईंच्याच हाताखाली गाडी शिकलेला. "नाहीतर वायर. मी एक फेरी मारून बघू?"

त्यानं मारली. कढईत गाडी अशी आत शिरली की आतलं मागचं चाक वीतभर वर उचललं गेलं आणि खाणीच्या कडेवरची पोरं टाळ्या पिटत सुटली. तो परत आला तो हसतच. "कशाचं काय बिघडलंय? लई भारी चालालीय गाडी! बाई, तुम्हीच बसा परत."

शैलजा पुन्हा बसली. कढईत नाक पुन्हा बाहेर.

केतकीनं टॅबवर दोघांच्या फेऱ्यांच्या आलेखाच्या रेषा एकीवर एक ठेवल्या. बुश शाबूत होता, वायरही ठीक होती. इम्तियाजच्या हाताखाली यंत्रानं मागची बाजू ताठ केली होती. आईच्या हाताखाली, कढईच्या तोंडाशी, ते दर वेळी मऊ पडत होतं. आईचे हात त्याला तसं सांगत होते.

गेल्या वर्षी घाटातल्या शर्यतीत शैलजाची गाडी फिरून कठड्यावर चढली होती आणि पुढची दोन चाकं दरीवर तरंगत राहिली होती. ती मागच्या दारानं बाहेर आली, केस नीट केले आणि आधी चहा मागितला. हा किस्सा ती अजून रंगवून सांगायची. ऐकणारे हसायचे आणि केतकीही हसायची.

"काय म्हणतायत आकडे?" मागून आवाज आला. दिग्विजय कर्णिक कधी येऊन उभे राहिले, ते तिला कळलंच नव्हतं. ज्या कंपनीनं तिचं संशोधन उचलून धरलं होतं, तिचे ते अधिकारी. माणूस हुशार आणि बोलायला गोड. त्यांनी रेषा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि त्यांचे डोळे चमकले. "केतकी, तुम्ही काय शोधलंय ते लक्षात येतंय का तुमच्या? हे सस्पेन्शन राहू दे बाजूला. ही भीती मोजायची पट्टी आहे! प्रत्येक चालकाचा एक आकडा काढायचा. भयांक म्हणू आपण त्याला. अँब्युलन्सवाले, शाळेच्या बसवाले, सगळ्यांचा. आकडा वर गेला की परवाना थांबवायचा. विमा कंपन्या रांग लावतील."

"भयांक की भयानक?" इम्तियाज पुटपुटला.

कर्णिकांनी तिला बाजूला घेतलं. "येत्या रविवारी आमचे वरिष्ठ येणार आहेत. आईंनाच चालवू दे. फक्त यंत्र ताठवर बांधून ठेवा, म्हणजे फेरी वेगात होईल. आणि हाताचे आकडे आपण नोंदवत राहू. एवढी अनुभवी चालक, वरून इतकी शांत, आणि आतून हे असं! यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक कुठलं? आईंना सांगायची गरज नाही. उगाच मनाला लावून घेतील."

केतकीनं त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गाडी ताठवर बांधायची, आई नेहमीप्रमाणे तिच्यावर विसंबून कढईत शिरणार, मागचा भाग सरकणार आणि आईचा पाय उचलला जाणार. पुढचं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुपारी माळावरच, गाडीच्या सावलीत भडंग खाता खाता तिनं आईला सांगितलं. कसं सांगायचं याची तिनं केलेली जुळवाजुळव पहिल्याच वाक्यात विस्कटली.

"म्हणजे मी भ्याले, असं म्हणतेस?" शैलजानं विचारलं.

"मी नाही गं म्हणत..."

"मग? तुझं यंत्र म्हणतंय?" शैलजानं हातातले मुरमुरे पुन्हा पातेल्यात टाकले. "माझ्या हातांची चहाडी करायला बसवलंस होय ते? माझ्याच लेकीनं?"

"आई, मी तुला सांगतेय, म्हणून तरी..."

"सांगू नकोस मला काही." ती उठली, हेल्मेट इम्तियाजकडे दिलं आणि आपल्या स्कूलच्या गाडीत बसून एकटी निघून गेली.

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. शैलजा जेवायला वाढायची, पण 'भाजी घे' म्हणायची नाही. केतकीनं एकदा बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा आईनं टीव्हीचा आवाज वाढवला. केतकीला स्वतःचाच राग येत होता. ती बुश बनवायला बसली होती आणि करता करता कुणाच्या तरी अंगातली लपवलेली गोष्ट चव्हाट्यावर आणायचं हत्यार बनवून बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. शैलजा नवी शिकाऊ घेऊन निघालीच होती. मंदाकिनी चौगुले नावाच्या पंचेचाळिशीच्या या बाई बँकेत होत्या आणि स्टिअरिंग असं धरून बसल्या होत्या, जणू सोडलं तर गाडी पळून जाईल. केतकी न विचारता मागच्या सीटवर बसली. आईनं आरशात पाहिलं आणि तोंड फिरवलं.

रंकाळ्याच्या बाजूच्या रस्त्याला लागल्यावर समोरून बस आली आणि मंदाकिनीबाईंनी करकचून ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या.

"मला नाही जमणार, बाई," त्या रडवेल्या झाल्या. "घरी सगळ्यांना सांगितलंय मी, मला भीतीबीती काही वाटत नाही म्हणून. पण पाय असा लाकडासारखा होतो बघा."

"मग वाटते म्हणा की," शैलजा नेहमीच्या सुरात म्हणाली. "भीती वाटली म्हणून कुणी गाडी ठोकत नाही. भीती वाटली ते लपवलं म्हणून ठोकतात. लपवण्यातच निम्मं लक्ष जातं. पाय कुठं घट्ट होतो ते मला सांगायचं, मोठ्यानं, मग मी..."

ती मध्येच थांबली. मंदाकिनीबाई पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिल्या. शैलजानं आरशात पाहिलं. या वेळी तिनं नजर फिरवली नाही.

तास संपल्यावर मायलेकी स्कूलच्या पायरीवर बसल्या.

"घाटात गेलेच नाही मी परत," शैलजा म्हणाली. "कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडी सर्व्हिसिंगला आहे, शिकाऊ तयार नाहीत, एक ना दोन. इतकी कारणं सांगितली की मलाच खरी वाटायला लागली." ती हातांकडे बघत होती. "यांना मात्र पटली नव्हती म्हणायची."

केतकीनं आईचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"राग कशाचा आला सांगू?" शैलजा पुढं म्हणाली. "गाडी मऊ पडली याचा नाही. ती मला न सांगता मऊ पडली, याचा. मी आपली पुढच्या टायरना शिव्या देतेय, आणि ही गपचूप मला सांभाळून घेतेय. सगळ्यांना दिसतंय, मला सोडून."

केतकी ताडकन उठली. "आई, तेच चुकलंय!"

"काय?"

"यंत्र कुणाशी बोलतंय, ते. टॅबशी कशाला बोलायला हवं? तुझ्याशीच बोलायला हवं."

पुढचे चार दिवस ती आणि इम्तियाज वर्कशॉपमध्ये राबले. टॅबकडे जाणारी वाट त्यांनी बंद करून टाकली. हातांचे आकडे गाडीतच राहणार आणि फेरी संपली की पुसले जाणार. चालकाच्या सीटमध्ये, कमरेच्या किंचित वर, त्यांनी एक छोटी मोटर बसवली. यंत्र मागची बाजू मऊ करायला निघालं की ती हलकेच थरथरायची. कुणीतरी पाठीवर हात ठेवून 'घाबरलीस का गं?' विचारावं, एवढंच. चालकानं अ‍ॅक्सिलरेटर तसाच दाबून ठेवला, तर यंत्र आपला बेत सोडून द्यायचं आणि दांडा ताठच ठेवायचं. पाय उचलायला लागला तरच मऊ. निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा.

शनिवारी शैलजा माळावर आली. पहिल्या फेरीत सीट कढईच्या बरीच आधी थरथरली. ती चकित होऊन परतली.

"अगं, मी वळणाला भीतच नाही!" हेल्मेट काढायच्या आधीच ती सांगू लागली. "उतारावर माझी नजर बाहेरच्या कठड्यावर जाते. तिथं थरथरते ती. मी तिकडं बघितलंच नाही तर?"

"तर बघू नका," इम्तियाज म्हणाला.

"एवढं सोपं असतं तर तुला तीन वेळा टेस्ट कशाला द्यावी लागली असती रे?"

त्या दिवशी ती कढईत कितीतरी वेळा गेली. कधी नाक बाहेर गेलं. एकदा पाय उचलला गेला आणि यंत्र मऊ पडूनही गाडी अर्धी फिरून गवतात थांबली. केतकी धावत सुटली. पोचली तेव्हा आई स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. खांदे हलत होते. आधी तिला वाटलं रडतेय. मग कळलं, रडणं आणि हसणं दोन्ही चाललंय.

"लाकडासारखा झाला बघ पाय," शैलजा डोळे पुसत म्हणाली. "सांगितलं मी मोठ्यानं. आता ढकला मला."

रविवारी कर्णिक आणि त्यांचे दोन वरिष्ठ, एक गृहस्थ आणि एक बाई, आले. केतकीनं त्यांना गाडीपाशीच थांबवून सगळं सांगितलं. आकडे मिळणार नाहीत. भयांक असणार नाही. यंत्र चालकाची गोष्ट फक्त चालकाला सांगेल.

कर्णिकांचा गोडवा ओसरला. "मग आम्ही इथं काय बघायला आलोय?"

"गाडी," केतकी म्हणाली.

शैलजा बसली. गाडी सुटली, वरची वळणं घेत उताराला लागली. केतकी कठड्यामागे उभी होती. आईची पोपटी गाडी कढईत शिरली. मागचा भाग सरकला, चांगलाच सरकला. वरिष्ठांपैकी एकजण 'गेली' म्हणाले. त्या अर्ध्या क्षणात केतकीनं मोटरचा आवाज ऐकला. तो पडला नाही, चढला. पुढच्या चाकांनी गाडीला मानगूट धरून ओढल्यासारखं ओढलं, आतलं मागचं चाक हवेतून खाली टेकलं आणि गाडी सरळ होऊन चढाला लागली.

इम्तियाजनं मारलेली शिट्टी खाणीत घुमली.

शैलजा उतरली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "थरथरली," तिनं केतकीला सांगितलं. "चांगली जोरात थरथरली. कळलं म्हटलं, आणि दाबला."

"म्हणजे भीती गेली नाही," कर्णिक मागून म्हणाले. "मोजली असती तर आकडा वरच आला असता. भयांकाच्या नियमाप्रमाणे यांना गाडीत बसूच द्यायला नको होतं."

शैलजानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. नव्या शिकाऊकडे बघायची तशी. मग हेल्मेट पुढं केलं. "बसा."

"मी?"

"कर्णिकसाहेब, घरी गाडी चालवता ना? मग बसा. मी शेजारी आहे. सावकाश घ्या."

वरिष्ठांसमोर नाही म्हणणं त्यांना जड गेलं. फेरी अगदी सावकाश झाली, इतकी की एक टिटवी ट्रॅक ओलांडून पायी गेली. कढईत गाडी मऊ मऊ पडत कशीबशी पार झाली. परत आल्यावर कर्णिक बराच वेळ उतरलेच नाहीत.

"सारखी थरथरत होती," शेवटी ते म्हणाले. आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. "पहिल्या वळणापासून." मग त्यांनी चटकन केतकीकडे पाहिलं. "हे... कुठं जातं?"

"कुठंच नाही. पुसलं गेलं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो सगळ्यांना ऐकू गेला. वरिष्ठ बाईंनी, ज्या सकाळपासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या, चष्मा पुसत विचारलं, "ही थरथरणारी सीट अँब्युलन्समध्ये बसवता येईल? आकड्याशिवाय, अशीच?"

"येईल," केतकी म्हणाली. "पण आधी चालकांशी बोलावं लागेल. त्यांना न सांगता नाही."

"मग त्यांच्याशी बोलायला आम्ही तुम्हालाच नेऊ," त्या म्हणाल्या. "आणि यांनाही." त्यांनी शैलजाकडे बोट दाखवलं. विमा कंपन्यांचं नाव पुन्हा निघालं नाही. कर्णिक अजून आपल्या तळहातांकडेच बघत होते.

पाहुणे चहाला वळले. केतकी आईपाशी आली. किती वर्षांनी कोण जाणे, तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. हेल्मेटचा पट्टा मध्ये आला आणि दोघी हसल्या.

"दमली असशील. पुरे करूया आज?"

शैलजानं उताराकडे पाहिलं. वारा पडला होता, ट्रॅक उन्हानं तापत चालला होता, आणि तापलेला ट्रॅक टायरला चांगली पकड देतो.

"इम्तियाज," तिनं हाक मारली, "मागची बाजू आणखी जराशी ताठ कर रे."